ले-आउटच्या फाइलवर सही करण्याआधी : रेखांकन कसं तपासायचं

नगरपरिषदेच्या किंवा महापालिकेच्या नगररचना विभागात नव्यानं रुजू झालेल्या माणसाच्या टेबलावर पहिल्या काही आठवड्यांतच एखादी ले-आउटची, म्हणजे जमीन भूखंडांत पाडण्याच्या रेखांकनाची, फाइल येते. दोन हेक्टरचा गट, ऐंशी भूखंड, मध्ये रस्ते, एका कोपऱ्यात हिरवा रंग दिलेली खुली जागा. क्षेत्रफळाचा तक्ता नीट जुळलेला असतो. तक्ता जुळला म्हणजे रेखांकन बरोबर आहे असं समजणं ही नवख्याची सगळ्यात मोठी चूक. क्षेत्रफळ तर संगणकही तपासतो. जमिनीचा उतार कुठं आहे, वरच्या शेताचं पाणी कुठून येतं आणि शेवटच्या घराचं सांडपाणी कुठल्या चेंबरला मिळणार, हे माणसालाच पाहावं लागतं. भूखंड एकदा विकले गेले की रस्ता रुंद करता येत नाही आणि सखल कोपऱ्यातलं घर उचलून वर ठेवता येत नाही. त्यामुळे जे पकडायचं ते तात्पुरत्या मंजुरीच्या आधी.

पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या शहरांबद्दल आहे. इथं परवानगीचा पाया महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा आहे, आणि नियम डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीचे. बृहन्मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं या नियमावलीतून वगळलेली आहेत. तिच्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत. छापील प्रत हाताशी असावी, पण नियम लावताना दुरुस्तीची अधिसूचना उघडून पाहावी. सुविधा क्षेत्राच्या (शाळा, दवाखाना अशा सोयींसाठी राखायच्या जागेच्या) तरतुदीबाबत तर हे हटकून करावं.

आधी घड्याळ

कलम ४४ खाली अर्ज येतो, कलम ४५ खाली निर्णय द्यायचा असतो आणि त्याला मुदत आहे साठ दिवसांची. तेवढ्यात काहीच कळवलं नाही तर परवानगी मिळाल्याचं मानलं जाऊ शकतं, अर्थात प्रस्ताव नियमांत बसत असेल तरच. म्हणून फाइल आल्या आठवड्यातच पूर्ण वाचावी आणि सगळ्या त्रुटी एकाच पत्रात कळवाव्यात. आज रस्त्याची त्रुटी, पंधरा दिवसांनी खुल्या जागेची, महिन्यानं मोजणीची, असं तुकड्यातुकड्यानं कळवलं की अर्जदारही वैतागतो आणि मुदतही हातची जाते. नाकारायचं असेल तर कारणं लेखी द्यावी लागतात, कारण अर्जदाराला कलम ४७ खाली चाळीस दिवसांत अपील करता येतं आणि तिथं तुमचं पत्रच बोलतं.

पहिली पायरी : जमीन नेमकी किती आणि कशी

सातबारा, फेरफार, मोजणीची 'क' प्रत (भूमी अभिलेख खात्याचा मोजणी नकाशा) आणि गट नकाशा शेजारी शेजारी मांडा. सातबाऱ्यावर २.०० हेक्टर आणि मोजणीत १.९४ भरतं, असं सर्रास होतं. हिशेब कमी भरणाऱ्या क्षेत्रावर करायचा. सहा गुंठ्यांचा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण ते सहाशे चौरस मीटर म्हणजे चार भूखंड होतात आणि जागेवर आखणी करताना ते कुणाच्या तरी वाट्याचे कमी पडतात.

सातबाऱ्यावरच्या तीन गोष्टी नवखे लोक हमखास सोडून देतात. पहिली, भोगवटादार वर्ग-२ हा शेरा, म्हणजे हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली जमीन. जमीन वर्ग-२ ची असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढं जायचं नाही. दुसरी, इतर हक्कांचा रकाना : कूळ, बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, जाण्यायेण्याची वहिवाट. तिसरी आणि नियोजनाच्या दृष्टीनं सगळ्यात बोलकी म्हणजे पोटखराबा. पोटखराबा 'अ' म्हणजे लागवडीला नालायक जमीन. पोटखराबा 'ब' म्हणजे रस्ता, ओढा, तळं अशा सार्वजनिक उपयोगाखालची जमीन. नकाशावर ओढा दिसत नाही आणि सातबाऱ्यावर पोटखराबा 'ब' आहे, असं असेल तर ओढा कुठं गेला हे विचारल्याशिवाय फाइल पुढं सरकवू नका.

फेरफार मागं जाऊन वाचण्याचं आणखी एक कारण आहे. ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात दहा टक्के मोकळी जागा ठेवावी लागते. ती टाळण्यासाठी एकाच मालकाची जवळजवळ चार एकर जमीन स्वतःच्या आणि भाऊ, पत्नी, मुलाच्या नावावर ३८-३८ गुंठ्यांत वाटून वेगवेगळे अर्ज येतात. चारही अर्जांचा वास्तुविशारद एक, रस्ता एक आणि वाटणीच्या फेरफाराची तारीख अर्जाच्या सहा महिने आधीची असेल तर ते एकच रेखांकन आहे. तशी नोंद टिपणीत स्पष्ट करा.

दुसरी पायरी : विकास योजनेवर ठेवून पाहणं

झोन दाखला (जमीन निवासी, शेती अशा कुठल्या वापराच्या पट्ट्यात आहे त्याचा) आणि विकास योजनेचा भाग नकाशा घ्या. आरक्षण, विकास योजना रस्ता, पूररेषा, उच्चदाब वाहिनी हे सगळं अर्जदाराच्या नकाशावर त्याच मापात उतरलेलं आहे का ते पाहा. निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधलं क्षेत्र निषिद्ध असतं, तिथं उद्यानासारखा मोकळा वापरच चालतो. निळ्या रेषेच्या आत भूखंड आखून 'भराव करून उंची वाढवू' असं लिहून दिलेलं चालत नाही. त्या भरावानं अडलेलं पाणी शेजारच्या वस्तीत जातं.

मग शेजारची मंजूर रेखांकनं काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण शहर इथंच घडतं किंवा बिघडतं. शेजारच्या ले-आउटचा नऊ मीटरचा रस्ता या गटाच्या हद्दीवर येऊन थांबलेला असेल तर तो पुढं न्यायला हवा. तो टाळण्यासाठी दोन युक्त्या चालतात. एक म्हणजे त्या रस्त्यासमोर भूखंड आडवा टाकणं. दुसरी जास्त बेरकी : रस्ता हद्दीपर्यंत आणायचा आणि शेवटी फूटभर रुंदीची पट्टी मालकाच्या नावावर ठेवायची, म्हणजे पुढं शेजाऱ्याला रस्ता हवा असेल तर त्या पट्टीचे पैसे मागता येतात. रस्त्याची रेषा गटाच्या हद्दीला प्रत्यक्ष टेकते का, हे नकाशा मोठा करून पाहा.

तिसरी पायरी : जागेवर जाणं

सोबत टेप, गट नकाशा आणि ऑटो लेव्हल (जमिनीची उंच-सखलता मोजायचं उपकरण) घेऊन उपअभियंत्याला बरोबर न्या. पावसाळ्यात गेलात तर उत्तम. उन्हाळ्यात गेलात तर खुणा वाचाव्या लागतात. तारेच्या कुंपणाला अडकलेला पालापाचोळा जमिनीपासून किती उंच आहे? तेवढं पाणी तिथं चढलं होतं. लव्हाळा कुठल्या पट्ट्यात उगवलाय? तिथं ओल टिकते. वरच्या आणि खालच्या बाजूच्या रस्त्याखालच्या मोऱ्या मोजा. डांबरी रस्त्याखाली दोन मीटरची मोरी आहे आणि अर्जदाराच्या नकाशावर त्याच रेषेत फूटभर रुंदीचं गटार, असं दिसलं तर रस्ता बांधणाऱ्यानं कधीकाळी तिथं किती पाणी गृहीत धरलं होतं ते तुमच्यासमोरच आहे.

शेजारच्या शेतकऱ्याशी बोला. पाणी कुठून येतं हे त्याच्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही. माती हातात घ्या. काळी माती असेल तर 'प्रत्येक भूखंडावर सेप्टिक टँक आणि शोषखड्डा' ही तजवीज कागदावरच राहते. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी मुरत नाही, शोषखड्डा तुडुंब भरतो आणि सांडपाणी रस्त्यावर येतं.

अर्धा मीटर अंतराच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, नकाशावर मागा. त्या नसतील तर पुढची एकही पायरी नीट करता येणार नाही.

चौथी पायरी : रस्ते

निवासी रेखांकनात अंतर्गत रस्त्याची रुंदी त्याच्या लांबीवर ठरते : १५० मीटरपर्यंत ९ मीटर, त्यापुढं ३०० मीटरपर्यंत १२ मीटर आणि त्याहून लांब असेल तर १५ मीटर. लांबी मोजताना तो रस्ता उद्या शेजारच्या गटात वाढणार आहे का, हे धरूनच विचार करा. १४८ मीटरवर मुद्दाम वळण देऊन 'दोन वेगळे रस्ते' दाखवलेले असतात. वाहनांच्या दृष्टीनं तो एकच रस्ता असतो.

बंद रस्त्याच्या टोकाला गाडी वळवायला जागा लागते : किमान ८१ चौरस मीटर आणि कुठल्याही बाजूनं नऊ मीटरपेक्षा कमी नाही. बंद टोकाबद्दलची दुसरी अट फार थोडे लोक तपासतात. ते टोक मुख्य रस्त्यापेक्षा उंच हवं. उलट असेल तर पाऊस रस्त्यावरून वाहत जाऊन शेवटच्या दोन घरांच्या ओट्यावर थांबतो, आणि तिथून पुढं जायला त्याला वाट नसते. समोच्च रेषा पाहून हे पाच मिनिटांत कळतं.

कोपऱ्यांची गोलाई दाखवली आहे का? ती भूखंडाच्या क्षेत्रातून वजा केली आहे का? घंटागाडी आणि अग्निशामक बंब वळतील का? या तीन प्रश्नांवर चौथी पायरी संपते.

खुली जागा

दहा टक्के भरतात, पण कुठं? ओढ्याकाठची चिंचोळी पट्टी, उच्चदाब तारांखालचा तुकडा, उताराचा कडा, म्हणजे जिथं भूखंड पडत नाही ते सगळं गोळा करून हिरवं रंगवलेलं असतं. लांबी-रुंदीचं प्रमाण, किमान रुंदी आणि रस्त्यावरून थेट प्रवेश नियमावलीप्रमाणे आहे का ते पाहा, आणि मुलं तिथं खरोखर खेळू शकतील का हा प्रश्न स्वतःला विचारा. तेहतीस केव्ही तारेपासून बांधकामाला आडवं किमान दोन मीटर अंतर लागतं, तेही तार वाऱ्यानं जास्तीत जास्त झुकलेली धरून. दहा लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या महापालिका क्षेत्रात ४,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या निवासी रेखांकनाला समावेशक घरांची, म्हणजे कमी उत्पन्न गटांसाठी वीस टक्के छोट्या भूखंडांची, तरतूदही लागू होते. ती तक्त्यात स्वतंत्र दिसली पाहिजे.

पाणी आणि सांडपाणी : आकडा कसा काढायचा

अर्जदाराचा हिशेब बहुधा असा असतो : ८० भूखंड, दर भूखंडाला एक घर, घरात पाच माणसं, म्हणजे ४०० लोक. दरडोई १३५ लिटरनं रोज ५४,००० लिटर. पण दीडशे चौरस मीटरच्या भूखंडावर आज ना उद्या तीन मजले चढतात. तीन कुटुंबं धरा. १,२०० लोक, रोज १,६२,००० लिटर. तिपटीचा फरक आहे आणि नळ टाकताना तिप्पटच धरायला हवी, कारण बंगला पाडून मजले चढवताना कुणी रस्त्याखालची वाहिनी बदलायला येत नाही.

पाणीपुरवठा विभागाचं 'पाणी उपलब्ध आहे' असं एका ओळीचं पत्र घेऊ नका. कुठल्या उंच टाकीतून, कुठल्या व्यासाच्या वाहिनीवरून, किती दाबानं, हे पत्रात असलं पाहिजे. एकमजली घराला नळाच्या जोडणीपाशी सात मीटर (तेवढ्या उंचीच्या पाण्याइतका) दाब लागतो, दोन मजल्यांना बारा, तीन मजल्यांना सतरा. ले-आउट टाकीच्याच उंचीवर असेल तर टाकी कितीही मोठी असो, पाणी चढणार नाही आणि घरोघरी मोटार लावून ओढायला सुरुवात होईल.

सांडपाणी पुरवठ्याच्या ऐंशी टक्के धरतात. १,६२,००० चे ऐंशी टक्के म्हणजे साधारण १,३०,००० लिटर, सेकंदाला सरासरी दीड लिटर. सकाळच्या गर्दीच्या वेळेला तिप्पट, म्हणजे साडेचार लिटर. दीडशे मिलिमीटर व्यासाची वाहिनी एवढ्याला पुरते आणि त्याहून लहान टाकायचीच नाही. अडचण व्यासाची नसते, उताराची असते. सुरुवातीच्या टप्प्यात प्रवाह सेकंदाला दोन लिटर इतकाच असतो, आणि घाण तळाशी बसू नये म्हणून तिथं हजार मीटरला सहा मीटर उतार द्यावा लागतो. रस्ता सपाट आणि अडीचशे मीटर लांब असेल तर वाहिनी दीड मीटर खाली उतरते. सुरुवातीला ०.९ मीटर खोल असलेली वाहिनी शेवटी २.४ मीटरवर पोचते. नगरपरिषदेचा चेंबर १.८ मीटर खोल असेल तर? जोडणी होणारच नाही. ठेकेदार मग उतार कमी करून जोडतो आणि दर पंधरा दिवसांनी वाहिनी तुंबते. म्हणून नकाशावर प्रत्येक चेंबरची तळपातळी लिहून घ्या आणि शेवटच्या सरकारी चेंबरचं झाकण उघडून खोली स्वतः मोजा. चेंबरमधलं अंतर तीस मीटरच्या आत ठेवा.

पिण्याच्या पाण्याची वाहिनी आणि सांडपाण्याची वाहिनी यांत आडवं तीन मीटर अंतर हवं. ते शक्य नसेल तर पाण्याची वाहिनी अर्धा मीटर तरी वर असावी. नऊ मीटरच्या रस्त्यात हे जुळवणं अवघड जातं, म्हणून रस्त्याचा आडवा छेद मागायचाच : मधला डांबरी पट्टा, एका बाजूला पाणी आणि वीज, दुसऱ्या बाजूला सांडपाणी, कडेला पावसाळी गटार, खांबांची जागा.

पावसाचं पाणी : इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला आलेल्या पुरानं काठच्या सोसायट्यांच्या भिंती पाडल्या आणि माणसं गेली. सांगलीच्या शामरावनगरसारख्या गुंठेवारी (मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या) वस्त्यांत पाणी साचून राहण्याचा प्रश्न वर्षानुवर्षं आहे. अशा ठिकाणी उपाय शोधणं फार महाग पडतं. रेखांकनाच्या टप्प्यावर मात्र त्याला एक गणित आणि एक रुंद पट्टी पुरते.

गणित असं. प्रवाह = गुणांक × पावसाची तीव्रता × क्षेत्र ÷ ३६०. गुणांक म्हणजे पडलेल्या पावसाचा वाहून जाणारा हिस्सा. तीव्रता ताशी मिलिमीटरमध्ये आणि क्षेत्र हेक्टरमध्ये घेतलं की उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये येतं. नमुन्यादाखल तीव्रता ६० धरू. शहराची खरी तीव्रता तिथल्या पर्जन्यनोंदीवरून घ्यायची. शेतजमीन असताना गुणांक ०.३ : दोन हेक्टरमधून ०.१ घनमीटर. घरं आणि डांबर झाल्यावर गुणांक ०.६ : तेच ०.२ होतं. म्हणजे नुसत्या बांधकामानं पाणी दुप्पट झालं.

अर्जदार इथंच थांबतो आणि ६०० मिलिमीटरची नळवाहिनी दाखवतो. दोनशेला एक उतारावर ती ०.४३ घनमीटर वाहून नेते, त्यामुळे हिशेब दुपटीनं सुरक्षित दिसतो. पण वरच्या अंगाला वीस हेक्टर शेतं आहेत आणि त्यांचं पाणी याच गटातून जातं. त्याचं गणित : ०.३ × ६० × २० ÷ ३६० = १ घनमीटर. एकूण १.२. सहाशेची नळवाहिनी जवळजवळ तिपटीनं अपुरी पडते. त्याच उतारावर ९०० मिलिमीटरची जेमतेम पुरते, आणि तीही गाळ नसेल तर. शिवाय वरची शेतंही दहा वर्षांत ले-आउट होणार. माझ्या मते अशा ठिकाणी बंद नळवाहिनीला परवानगीच देऊ नये. उघडा, दोन्ही बाजूंनी देखभालीला वाट असलेला नाला ठेवावा. बंद वाहिनी तुंबली की कळत नाही आणि कळतं तेव्हा पाणी घरात असतं.

ओढ्याला काटकोनात वळवून गटाच्या कडेनं नेण्याचा प्रस्ताव हमखास येतो, कारण मधली जागा भूखंडांना मोकळी होते. पाणी काटकोनात वळत नाही. पुराच्या वेळी ते जुन्याच वाटेनं सरळ जातं, आणि त्या वाटेवर आता भूखंड क्रमांक २३ ते ३१ असतात.

वीज

महावितरणचं पत्र, रोहित्राची (ट्रान्सफॉर्मरची) जागा नकाशावर आणि ती रस्त्यालगत. खुल्या जागेत रोहित्र टाकायचं नाही.

मंजुरी दोन टप्प्यांत

आधी तात्पुरती मंजुरी. तिच्यावर भूमी अभिलेख खात्याकडून आखणी होऊन मोजणी होते, कोपऱ्यांवर दगड रोवले जातात, आणि मोजणी नकाशा मंजूर नकाशाशी जुळला की अंतिम मंजुरी. जुळवताना भूखंडांपेक्षा रस्ते मोजा. आखणीत कमी भरलेलं क्षेत्र रस्त्यातून कापण्याकडे कल असतो आणि नऊ मीटरचा रस्ता ८.४ होतो. परवानगी एक वर्षाची असते. दरवर्षी वाढवत आणखी जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात.

कामाचा क्रम अटींत लिहून द्या : सांडपाणी, मग पावसाळी गटार, मग पाणी, मग रस्त्याचा मुरूम आणि खडी, डांबर सगळ्यात शेवटी. भूखंडांवर बांधकाम परवानगी ही कामं पूर्ण झाल्यावरच. विकास शुल्क भरलं म्हणजे अंतर्गत कामांतून सुटका झाली, हा समज अर्जदाराच्या मनातून पहिल्याच भेटीत काढून टाका. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल तर भूखंड विक्रीआधी महारेराची (स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची) नोंदणी लागते, हेही तेव्हाच सांगावं.

शेवटचं काम बहुतेक कार्यालयांत राहून जातं. अंतिम मंजुरीनंतर कमी-जास्त पत्रक (जमिनीच्या नोंदीतले बदल दाखवणारा कागद) होऊन प्रत्येक भूखंडाचा वेगळा उतारा निघतो. रस्ते आणि खुली जागा मात्र मूळ मालकाच्याच नावावर पडून राहतात. वीस वर्षांनी वारस सातबारा दाखवून खुल्या जागेवर हक्क सांगतात, कधी ती विकतातही, आणि रहिवासी कोर्टात जातात. म्हणून अंतिम मंजुरीच्या पत्राची प्रत त्याच दिवशी तलाठी आणि भूमी अभिलेख कार्यालयाला पाठवा. रस्त्यांचा ताबा नाममात्र एक रुपयात घेतल्याची पावती फाइलला लावा. आदेशातल्या नावानं नोंद झालेला नवा उतारा हातात येईपर्यंत फाइल बंद करू नका.